दादा-वहिनींचा दुभाषा

थायलंडला नोकरी लागली तेव्हा रत्नागिरीतले लोक माझ्याकडे बघून एक डोळा बारीक करायचे. आमच्याकडे बाहेरदेशी जायचं म्हणजे मस्कत, कुवेत, नाहीतर बोटीवर. थायलंड ही मजा मारायला जायची जागा, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं. मी गेलो तिथे मजा मारण्यासारखं काही नव्हतं. बँकॉकच्या खाली, नदी समुद्राला मिळते तिथलं ते मासेमारीचं बंदर. आमच्या मिरकरवाड्याच्या जेटीवर जो वास येतो तोच तिथे येतो, फक्त कितीतरी पटीने. रत्नागिरीत मी एका कारखान्यात राणीमाशाचा लगदा करण्याच्या खात्यात होतो. मासा साफ करायचा, पुन्हापुन्हा धुवायचा, पांढराशुभ्र लगदा करून गोठवायचा आणि परदेशी पाठवायचा. तिकडेही तेच काम. फक्त बुटांच्या तळाशी लागणारा चिखल परका होता.

मला तिकडे बोलावून घेतलं ते दादाने. दादा माझा नात्याचा कुणी नव्हे. तो रत्नागिरीजवळच्या पावसचा, तिकडच्या त्या कारखान्यात कामाला. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठा, आणि मी गेलो तेव्हाच त्याला तिथे राहून निम्मं आयुष्य झालेलं. त्याने तिथल्याच बाईशी लग्न केलं होतं. मूलबाळ नव्हतं. वहिनी घरापुढच्या पडवीसारख्या जागेत तांदळाच्या शेवयांचा आणि माशाच्या गोळ्यांचा गाडा चालवायच्या. मी त्यांना 'वहिनी' म्हणायला लागलो आणि त्यांनी अर्थ विचारला. थोरल्या भावाची बायको, असं सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून मला 'नोंग' म्हणायला लागल्या. त्यांच्याकडे धाकट्या भावंडाला तसं म्हणतात. दादाला त्या 'पी' म्हणायच्या, म्हणजे थोरला. आम्हा तिघांचं नातं असं दोन भाषांत मिळून झालं होतं.

माझी बायको रत्नागिरीत शाळेत शिकवायची, तिला नोकरी सोडवेना. त्यामुळे मी तिकडे एकटाच राहत असे आणि वर्षातून एकदा घरी येत असे. बाराएक वर्षं अशी गेली. त्या गावात आम्ही भारतीय असे थोडेच. एक पंजाबी कापडवाला होता, त्याचे वडीलच तिकडे आलेले. दुसरा केरळचा, बर्फाच्या कारखान्यात. रविवारी आम्ही मासे वाळत घालायच्या काँक्रीटच्या अंगणात टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळायचो. चार माणसांत कसलं क्रिकेट! क्षेत्ररक्षणाला ब्रह्मदेशातल्या कामगारांना बोलवायचो. त्यांना नियम कळत नसत, पण चेंडू मात्र अचूक अडवत. संध्याकाळी बाजारासमोरच्या मोकळ्या जागेत मोठ्याने गाणी लावून बायका रांगा करून व्यायाम करायच्या. पंजाबी त्यांच्या मागे शेवटच्या रांगेत उभा राहून हातपाय हलवायचा. आम्ही कट्ट्यावर बसून बघायचो आणि तो दमला की त्याला उसाचा रस पाजायचो. कधी खाडीवर गळ टाकून बसायचं. कधी केरळच्या माणसाच्या खोलीवर रमी. एवढीच आमची करमणूक. रविवारची दुपार सरत आली की प्रत्येकाला आपापलं गाव आठवायचं.

दादाला मात्र हे होत नसे. तो आमच्यात येऊन बसायचा, पण त्याची खरी करमणूक होती देवळाच्या आवारातला लोखंडी गोळ्यांचा खेळ. चिंचेच्या झाडाखाली खडीचं मैदान. आधी एक छोटी लाकडी गोळी टाकायची, मग मुठीएवढे लोखंडी गोळे तिच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन टाकायचे. म्हातारेकोतारे थाई लोक तासन्‌तास खेळायचे. त्यांच्यात दादा एकटा परका, आणि सगळ्यांत तरबेज. "गोट्याच रे ह्या," मला म्हणायचा. "फक्त जड झाल्यात." तो त्यांच्याशी इतक्या सहज बोलायचा की पाठमोरा असला तर कुणाला ओळखू येऊ नये. मराठी तो फक्त माझ्याशी बोले, तीही थोडी. पावसबद्दल विचारलं तर म्हणे, "काय सांगायचं? आय गेली तेव्हा जाता नाही आलं. आता जाऊन काय करू?"

गणपतीला त्याच्या घरी धमाल असायची. थाई लोक गणपतीला मानतात, त्यामुळे शेजारपाजारचे सगळे यायचे. दादा खाडीची माती आणून मूर्ती करायचा. सोंड नेहमी जरा जाड व्हायची. शेजारणी मूर्तीपुढे लाल सोड्याच्या बाटल्या ठेवायच्या, देवाला पिता यावं म्हणून त्यांत नळी घातलेली. वहिनी मोदक करायच्या. त्यांच्याकडेही नारळ-गुळाचं सारण भरून उकडायचा प्रकार आहे, त्यामुळे हात बसलेला होता. फक्त त्या पिठात गोकर्णाच्या फुलांचं पाणी घालायच्या. निळे मोदक. पहिल्या वर्षी मी ताटाकडे बघतच राहिलो, तर दादा म्हणाला, "खा गप. चव आपलीच हाय."

मी जायच्या आधी कितीतरी वर्षं आणि नंतरही त्यांचं असंच चाललं होतं. तो सकाळी कामाला निघताना वहिनी गाड्यावर पातेलं चढवत असायच्या. तो विचारायचा, "किन खाव रू यांग?" जेवलीस का? सकाळी काय जेवण, पण तिकडे तसंच विचारतात, आपण 'बरं आहे ना' म्हणतो तसं. त्या म्हणायच्या, "तू गेलास की जेवते."

एका रविवारी खेळता खेळता दादाच्या हातातून गोळा खाली पडला. तो वाकला, तो उठलाच नाही. म्हाताऱ्यांनी त्याला टेम्पोत घालून इस्पितळात नेलं. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. बरेच दिवस शुद्ध-बेशुद्ध असा होता. उजवी बाजू लुळी पडली. वहिनी तिथेच चटईवर झोपायच्या. मी कामावरून सुटलो की जायचो.

एक दिवस दुपारी वहिनींचा फोन आला. "नोंग, तो बोलायला लागलाय. पण काय बोलतो ते कुणालाच कळत नाही. लवकर ये."

मी पोचलो तेव्हा दोन नर्सबाया खाटेशी उभ्या होत्या. दादा डाव्या हाताने चादर ओढत होता आणि स्वच्छ, अगदी खणखणीत आवाजात म्हणत होता, "पाणी द्या की गो. कवाधरनं मागतंय."

मी पाणी दिलं. पिऊन झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. "कोण रे तू? खालच्या वाडीतला काय?"

मी नाव सांगितलं. त्याला ते ओळखीचं वाटलं नाही. पण मी त्याच्यासारखं बोलतो एवढं त्याला पुरे होतं. पुढे अखेरपर्यंत तो मला पावसच्याच कुणाचा तरी मुलगा समजत राहिला.

डॉक्टरांनी वहिनींना आणि मला बसवून सांगितलं, "नंतर शिकलेली भाषा पुसली गेली आहे. लहानपणची राहिली. कधीकधी असं होतं. आणि मधली बरीच वर्षंही तिच्याबरोबर गेलेली दिसतात. काही परत येईल, कदाचित नाही येणार. आत्ता सांगता येत नाही."

वहिनींनी विचारलं, "मी बोलले तर त्याला काहीच कळत नाही?"

"आवाज कळेल," डॉक्टर म्हणाले. "शब्द नाही."

दादाला घरी आणल्यापासून माझी संध्याकाळ त्यांच्याकडे जायला लागली. क्रिकेट सुटलं, रमी सुटली. पंजाबी आणि केरळवाला येऊन जायचे, पण त्यांची हिंदीही दादाला धड कळत नसे. त्या गावात मराठी जाणणारा मी एकटा. मग मी मध्ये बसायचो. दादा मला सांगायचा, मी वहिनींना सांगायचो, त्या काही विचारायच्या, ते मी दादाला. सुरुवातीला साधंच असायचं. पाठ दुखते. उशी उंच आहे. पेज खारट झाली. वहिनी दिवसभराचे प्रश्न माझ्यासाठी साठवून ठेवायच्या. "सकाळी तो खिडकीकडे बघून बराच वेळ बोलत होता, विचार, काय म्हणत होता." मी विचारायचो, पण तोवर तो विसरलेला असायचा. मी तसं सांगितलं की त्या 'हं' म्हणायच्या आणि टोपातला रस्सा ढवळायला लागायच्या.

एकदा त्यांनी मला शेवयांचा वाडगा दिला आणि समोर बसल्या. म्हणाल्या, "मी त्याला कितीदा म्हटलं होतं, मला तुझी भाषा शिकव. तो म्हणायचा, कशाला? इथे कोण आहे बोलायला? शिकून काय करणार? त्याने ती स्वतःपाशीच ठेवली. आता तो तिच्यात जाऊन बसलाय आणि मी बाहेर."

मी शेवया खात राहिलो. त्यांना उत्तर नकोच होतं.

थोड्याच दिवसांनी ते झालं. वहिनी दादाचे पाय चोळत होत्या. दादा त्यांच्याकडे बघत होता. मग मला म्हणाला, "ही बाय कोण रे? रोज येते. लय करते माझं. हिला घरदार नाय काय?"

वहिनींनी हात न थांबवता विचारलं, "काय म्हणाला?"

मी म्हटलं, "म्हणतो, तुम्ही त्याचं खूप करता."

"एवढंच नाही म्हणाला. तुझा चेहरा दिसतो मला. नीट करून सांगू नकोस, नोंग. तो म्हणाला तसं सांग."

मी सांगितलं. ही बाई कोण, असं विचारतो. हिला घरदार नाही का, असंही.

त्या पाय चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते मला कळलंच होतं. डोळ्यांवरून. खूप करते, असं म्हणाला ना? ते खरंच म्हणाला?"

"खरंच म्हणाला."

"बरं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी गाडा लवकर बंद केला.

पुढे माझा करार संपला. वाढवून मिळत होता, पण बायकोची तब्येत ठीक नव्हती आणि मलाही आता परत यायचं होतं. हे वहिनींना सांगायचं मी लांबणीवर टाकत होतो. पंजाब्याकडून त्यांना आधीच कळलं होतं. मी तोंड उघडायच्या आतच त्या म्हणाल्या, "तू गेलास की त्याचे शब्द माझ्यापर्यंत कोण आणणार? त्यापेक्षा त्याला तुमच्या गावी नेऊ. तिथे सगळ्यांना त्याचं कळेल. पाणी मागितलं तर पाणी मिळेल."

"आणि तुम्ही?"

"मीही येते. मला शब्द नाही कळले तरी चालतं. मला सवय आहे."

पावसला दादाचा धाकटा भाऊ होता. आंब्याची थोडी कलमं, नारळी-पोफळीचं आगर, आणि कौलारू घर. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "घर त्याचं पण हाय. आणा." असं करून आम्ही तिघं आलो. मुंबईहून रेल्वेने. दादा खिडकीशी बसला होता. वाटेत बोगदे लागले की वहिनी त्याचा हात धरायच्या. रत्नागिरी स्टेशनवर भाऊ गाडी घेऊन आला होता. दादाने त्याला ओळखलं नाही. त्याच्या डोक्यातला भाऊ हाफपँट घालत असणार.

पहिल्या आठवड्यात सगळी वाडी लोटली. दादा प्रत्येकाशी बोलत होता, त्याच्याशी प्रत्येकजण बोलत होता. वहिनी पडवीच्या खांबाला टेकून बसलेल्या, बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत. लोक त्यांच्याकडे बघून हसत, त्या हात जोडत. एका म्हातारीने त्यांच्या हनुवटीला हात लावून म्हटलं, "चेडू गोरा हाय." मी 'पोर गोरी आहे' असा अर्थ सांगितला तर वहिनींना हसू आलं. त्या साठीला आल्या होत्या.

मग लोक येईनासे झाले. दादा ज्यांची नावं घेऊन हाका मारायचा त्यातली अर्धी माणसं गेलेली होती, उरलेली मुंबईत. मी रत्नागिरीत भाट्याच्या पुलाजवळ राहतो. आठवड्यातून दोनदा तरी स्कूटरने पूल ओलांडून पावसला जायचो. वहिनी अंगणाच्या कोपऱ्यात उभ्या असायच्या. मी दिसलो की त्या बोलायला सुरुवात करत आणि गाडी बंद करायच्या आधीच बरंच काही सांगून होई. आठवड्याभरात त्या माझ्याशिवाय कुणाशीच बोलत नसत. तिकडे मी दादाचा दुभाषा होतो, इकडे त्यांचा झालो.

दिवस कसा घालवता, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "अंगण झाडते. दोनदा झाडते. मग मासेवाली येते, तिच्याकडचे मासे मला ओळखू येतात, तेवढं बरं वाटतं." एकदा त्यांनी राणीमासा घेऊन, हाताने आपटून आपटून त्याचे गोळे केले, सगळ्यांसाठी. भावाने दोन खाल्ले आणि छान आहेत म्हणाला. बाकीचे पातेल्यातच राहिले. माशाचं आंबवलेलं पाणी त्या सोबत घेऊन आल्या होत्या, त्याचा वास भावाच्या बायकोला, म्हणजे भावजयीला, सोसेना. बाटली गोठ्यात ठेवायला लागली. भावजय वाईट बाई नव्हती. घरात सासू होती तोवर सासूचं केलं, आता दिराचं आलं. मला म्हणाली, "मी काय बोलणार त्यांच्याशी? बोट दाखवते, त्या उठतात. मलाच मेल्याहून मेल्यासारखं होतं."

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. दादा रोज तिन्हीसांजेला आईला विचारायचा. "आय कुठं गेली?" घरातले खरं सांगत. भाऊ सरळ माणूस. "आय जाऊन लय वर्सं झाली, दादा." आणि दादाला ते दर वेळी पहिल्यांदाच कळायचं. तो लहान पोरासारखा रडायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. वहिनींनी सांगितलं. त्यांना शब्द कळत नव्हते, पण रोज एकाच वेळी, एकाच प्रश्नानंतर तो रडतो हे त्यांनी हेरलं होतं.

"तो काय विचारतो?" त्यांनी मला पकडून विचारलं. मी सांगितलं. "आणि ते काय सांगतात?" तेही सांगितलं.

त्यांना राग आला. इतक्या वर्षांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं. "रोज कसली आई मारता? त्याची आई संध्याकाळी कुठे असायची? विचार ह्यांना."

मी भावाला विचारलं. तो म्हणाला, "कुठं असणार? आगरात. शिपणं करायला." म्हणजे झाडांना पाणी घालायला.

मग वहिनींनी माझ्याकडून एक वाक्य शिकून घेतलं. पडवीत बसून कितीदा तरी घोकलं. त्यांच्या तोंडात 'र' बसत नाही, 'ल' होतो. संध्याकाळी दादाने विचारलं, "आय कुठं गेली?" आणि भाऊ बोलायच्या आत त्या पुढे झाल्या. "आय आगलात गेल्ये."

दादाने त्यांच्याकडे पाहिलं. "आगरात?"

"आगलात."

"बरं," दादा म्हणाला आणि भिंतीला टेकून बसला. रडला नाही. त्या दिवसापासून हे उत्तर वहिनींनीच द्यायचं असं ठरून गेलं. लग्नानंतर कधी त्यांना नवऱ्याशी त्याच्या भाषेत बोलायला मिळालं ते हे एवढं एक वाक्य.

पलीकडच्या वाडीत बौद्ध वस्ती आहे. तिथल्या एक निवृत्त शिक्षिका माझ्या बायकोच्या ओळखीच्या. त्यांच्या कानावर गेलं की इथे एक थायलंडची बाई आहे. एका पौर्णिमेला त्या आल्या आणि मला म्हणाल्या, "त्यांना विहारात घेऊन जाऊ का? विचारा." वहिनी लगेच उठल्या, पांढरा सदरा घालून आल्या. भावजयीच्या कपाळावर आठी आली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्या वाडीत? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, त्या बौद्धच आहेत, त्यांच्या देवळात चालल्यात. ती चुलीकडे वळली, पण आठी गेली नाही.

विहार म्हणजे एक मोठी खोली, पत्र्याची, आत मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. दहा-बारा बायका होत्या. त्यांनी वंदना सुरू केली. बुद्धं सरणं गच्छामि. वहिनी एकदम ताठ झाल्या. मग त्यांनीही म्हणायला सुरुवात केली, त्यांच्या उच्चारात, 'फुत्थांग सलणांग खत्चामि', नाकातून, जरा वेगळ्या चालीत. बायकांनी वळून पाहिलं. एकजण थांबली, मग तिने आपली चाल वहिनींच्या चालीला जुळवून घेतली. मी दाराशी उभा होतो. इथे आल्यापासून वहिनी पहिल्यांदाच कुणाच्या तरी बरोबरीने काही म्हणत होत्या आणि मध्ये माझी गरज नव्हती. परत येताना त्या म्हणाल्या, "शब्द तेच आहेत." एवढंच. नंतर दर पौर्णिमेला त्या जात. भावजय काही बोलत नसे, पण त्या दिवशी पाण्याचा हंडा जरा लांब सरकवून ठेवलेला मी पाहिला आहे. वहिनींनी पाहिला का, मला माहीत नाही.

दादा खंगत गेला. आंब्याला मोहोर आला होता, भाऊ फवारणीच्या गडबडीत. मी गेलो तर दादा दुपारचं पडून होता. वहिनी त्याला पेज भरवत होत्या. तो मला म्हणाला, "पाव्हणीला विचार, जेवली काय?" तो त्यांना मुंबईहून आलेली पाहुणी समजत असे. "माझं भरवते, स्वतः जेवत नाय. विचार."

मी वहिनींना थाईत विचारलं. जसं तिकडे विचारतात तसंच तोंडातून आलं. "किन खाव रू यांग?"

"तू विचारतोयस का तो?"

"तो."

त्यांनी चमचा वाटीत ठेवला. पदर नव्हता, त्यामुळे सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. "त्याला सांग, तू जेव, मग जेवते."

मी सांगितलं. दादाने मान हलवली आणि तोंड उघडलं.

त्यानंतर चारसहा दिवसांत तो गेला. सकाळची वेळ होती, भाऊ आगरात, भावजय चुलीशी. वहिनींना कळलं तेव्हा त्यांना हाक कुणाला मारावी हे सुचलं नाही. भावजयीकडे जाऊन त्यांनी तिचा हात धरला आणि ओढत आणली. मी पोचलो तोवर वाडी जमली होती. भावाने सगळं आपल्या रीतीप्रमाणे केलं. वहिनी एका बाजूला बसून होत्या. दुपारी त्या शिक्षिका आणि चारपाच बायका आल्या आणि अंगणाच्या कडेला, दगडी गडग्याबाहेर उभ्या राहिल्या. आत या, असं कुणी म्हणेना. मग भावजय उठली, पडवीतली चटई उचलून अंगणात अंथरली आणि म्हणाली, "बसा की. उभ्या काय?" त्या बसल्या. वहिनी त्यांच्यात जाऊन बसल्या. सगळ्यांनी हलक्या आवाजात त्यांची वंदना म्हटली. कुणी आडवं आलं नाही.

दिवस झाल्यावर वहिनी परत निघाल्या. थोड्या अस्थी सोबत दिल्या, पांढऱ्या कापडात. भाऊ म्हणाला, "राहा म्हणावं. घर त्यांचं पण हाय." मी ते सांगितलं. त्यांनी हात जोडले, पण नाही म्हणाल्या. भावजयीने आमसुलं बांधून दिली. वहिनींनी तिला काय द्यावं कळेना, म्हणून गळ्यातली बारीक साखळी काढून देऊ लागल्या. तिने ती घेतली नाही. दोघी तशाच उभ्या राहिल्या, एकमेकींचे हात धरून.

मी त्यांना मुंबईपर्यंत सोडायला गेलो. गाडीत त्या अस्थींचं कापड मांडीवर धरून बसल्या होत्या. एकदा म्हणाल्या, "तिथे तो सगळ्यांचा होता, माझा पण. इथे आला तर फक्त तुमचा झाला. तरी आणलं ते बरं केलं. नाहीतर पाणी मागत गेला असता."

सुरुवातीला फोन यायचे. गाडा पुन्हा सुरू केला, मग गुडघे दुखायला लागले म्हणून बंद केला. नंतर त्या उत्तरेला बहिणीकडे राहायला गेल्या. तिथे नेटवर्क धड लागत नाही. फोन लागला की आवाज तुटतो, आणि हल्ली माझी थाई पण अडखळायला लागली आहे. साधे शब्द आठवत नाहीत. त्या ओळखतात आणि हळू बोलतात, लहान मुलाशी बोलावं तसं. मागच्या वेळी त्यांनी भावजयीची चौकशी केली. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं हे मला सांगायचं होतं, पण मोतीबिंदूला त्यांच्याकडे काय म्हणतात ते काही केल्या आठवेना. मी म्हटलं, तिला आता नीट दिसतं. त्या म्हणाल्या, "आधी दिसत नव्हतं का?" तेवढ्यात फोन कट झाला. मग परत लागला नाही.